नानांची साखळी

गोपाळराव, तुमचं घर माझ्या घरापासून चार दारं सोडून. पान जमवत, वाटेत प्रत्येकाशी बोलत आलात तरी तुम्हाला माझ्या पायरीवर यायला पाच मिनिटं पुरायची. ज्येष्ठापासून मार्गशीर्षापर्यंत हे अंतर आपल्यापैकी कुणीच चाललं नाही. मग एका सकाळी तुमच्या दारात माणसं जमलेली दिसली, आणि मी चाललो. गर्दीत मागे उभा राहिलो. खांदा द्यायला पुढे व्हावं की नाही हे ठरवेपर्यंत तुम्हाला उचललं होतं. भांडण न मिटवलेल्या माणसाला खांद्याचा हक्क असतो का, हे मला कुणाला विचारता आलं नाही, कारण असले प्रश्न मी तुम्हालाच विचारत असे.

तेरावा होऊन आठ दिवस झाले. आळीतले लोक भेटले की म्हणतात, "मास्तर, तुमचा दोस्त गेला, वाईट झालं." नक्की काय गेलं हे त्यांना सांगून कळणार नाही. आकुर्डीच्या पुढच्या माळावर साहेबलोकांचं जे गोल्फचं मैदान आहे, ते खरं कुणी आखलं, हा प्रश्न साऱ्या चिंचवडात दोनच माणसांना पडला होता. त्यातला एक मी उरलो आहे. एकट्याने प्रश्न बाळगणं फार कठीण असतं. मी वेगवेगळी उत्तरं देऊन पाहतो, पण "मास्तर, काहीतरीच काय" म्हणायला कुणी नाही.

सुरुवात माझ्याकडून झाली होती. शाळेत ड्रॉइंग शिकवतो म्हणून क्लबच्या सेक्रेटरींनी मला बोलावलं. क्लबच्या व्हरांड्यात लावायला मैदानाचा मोठा नकाशा हवा होता, लाकडी फळ्यावर, तेलरंगात. खाली एक ओळ घालायची होती, मैदान कुणी आखलं त्याची. पहिल्या टीजवळ, म्हणजे पहिला चेंडू मारतात तिथे, दगड आहे, त्याच्यावर इंग्रजीत कॅप्टन हार्विकचं नाव कोरलंय. ते उतरवून घ्यायचं, एवढंच काम. एका थंडीच्या सकाळी मी टेप घेऊन तिथे गुडघ्यांवर बसलो होतो. तुम्ही कानाला मफलर गुंडाळून फिरायला निघाला होतात. कुंपणापाशी थांबून बराच वेळ बघत राहिलात. मग विचारलंत, "मास्तर, नाव कुणाचं घालणार?"

"दगडावर आहे त्याचं."

"दगडाला काय, जो छिन्नी मारील त्याचं तो ऐकतो. हे मैदान माझ्या वडिलांनी आखलंय."

मी हसलो. तुम्ही हसला नाहीत. तुम्ही मोजणीखात्यातून पेन्शनीत निघालेले आहात, एवढंच मला तोवर माहीत होतं. तुमचे वडीलही मोजणीदार होते, सगळा गाव त्यांना नाना म्हणे, हे त्या दिवशी कळलं. खडकीच्या छावणीतल्या साहेबांनी एका हिवाळ्यात नानांना सरकारी कामावरून हे मैदान आखायला उसनं घेतलं. खासगी काम, म्हणून डायरीत नोंद नाही, भत्ता नाही, कागद नाही. काम झालं तशी नानांची रवानगी झाली आणि दगडावर कॅप्टन चढला. हे सगळं तुम्ही कुंपणाच्या पलीकडून सांगितलंत, आणि मी, नाकावर माशी बसू न देणारा माणूस, म्हणालो, "पुरावा आणा."

"आणतो. तोवर नाव लिहू नका."

पुढची दोन वर्षं तो फळा माझ्या पडवीत भिंतीला टेकून होता. सेक्रेटरी निरोप धाडत, मी रंग वाळत नाही म्हणून सांगे.

आज सांगतो, गोपाळराव, तेव्हा कधी सांगितलं नाही. मला त्या मैदानाशी काडीचं कर्तव्य नव्हतं. आमची ही गेल्यापासून माझा रविवार मला खायला उठायचा. शाळा नाही, पोरं नाहीत, घरात स्वतःच्या खोकल्याशिवाय आवाज नाही. तुम्ही दर रविवारी आठाच्या ठोक्याला यायचात, पायरीवर काठी आपटायचात आणि म्हणायचात, "चला, कॅप्टनला खाली पाडू." त्या काठीच्या आवाजासाठी मी सात वाजल्यापासून चहाचं आधण ठेवून बसलेला असे. कॅप्टन पडो न पडो, मला रविवार मिळाला होता.

आणि आपण फिरलो किती. त्या काळातली माणसं शोधत देहूला गेलो, खडकीला गेलो, थेरगावला तर तीनदा गेलो. तिथे एक म्हातारबा निघाले, ज्यांनी त्या हिवाळ्यात मोजणीला झेंडा धरून उभं राहण्याचं काम केलं होतं. तुम्ही वही काढून बसलात. त्यांना साहेब आठवेना, नाना आठवेनात, एकदा दुपारी भाकरीबरोबर सुकट मिळालं होतं तेवढं मात्र लख्ख आठवत होतं.

"साहेब कसा होता दिसायला?" तुम्ही विचारलंत.

"लाल व्हता."

"नि तो काय करायचा?"

"घोड्यावर बसायचा. खाली काय उतरायचा न्हाई. छडीनं दावायचा, तिकडं, तिकडं."

"आणि खुंट्या कोण मारायचं?"

"खुट्या म्या मारायचो की."

परत येताना पवनेच्या काठाने आपण पोट धरून हसत आलो. मी म्हटलं, म्हणजे मैदान खरं आखलं थेरगावच्या या म्हातारबांनी. तुम्ही म्हणालात, हसा, पण एक कबूल करा, तुमचा कॅप्टन घोड्यावरून शेळ्या हाकत होता. मग नेहमीचा वाद सुरू झाला. मी म्हणायचो, कुठून कुठे जायचं हे ज्याने दाखवलं त्याने आखलं. तुम्ही म्हणायचात, "बोट कुणीही दाखवील. खुंटी नेमकी कुठे मारायची हे कुणी सांगितलं ते बोला." सातवं होल, म्हणजे चेंडूची सातवी वाट, सरळ जायच्या ऐवजी म्हसोबाच्या धोंड्याला वळसा घालून जातं, ते तुम्ही मला चार वेळा नेऊन दाखवलंत. इंग्रज माणूस असता तर धोंडा उपटला असता, म्हणायचात. मी म्हणायचो, त्याला कुणीतरी सांगितलं असेल. तुम्ही म्हणायचात, "तेच तर म्हणतोय मी. ते कुणीतरी कोण?" मी हरतोय असं वाटलं की चहा मागवायचो.

साखळीचा मुद्दा तुम्हाला फार उशिरा सुचला, आणि सुचल्यावर तुम्ही भर दुपारी शाळेत, सहावीच्या वर्गाच्या दारात येऊन उभे राहिलात. म्हणालात, साहेब मोजणार यार्डात, नाना मोजणार आपल्या मोजणीखात्याच्या साखळीने. साखळी तेहतीस फुटांची. आपला मोजणीदार खुंटी मारतो ती शक्यतो पुरी साखळी पडते तिथे, तुकडा ठेवत नाही, कारण तुकडा आला की आणे, म्हणजे साखळीचे सोळावे भाग, लिहीत बसावे लागतात. तेव्हा मैदान साखळीने मोजून बघू. आकडे पुरे आले तर नाना, नाही आले तर कॅप्टन. मी हात पुढे केला आणि तुम्ही त्यावर टाळी दिलीत. पोरं बघत होती.

त्या रविवारी तुम्ही स्वतःची साखळी घेऊन आलात. तुमच्या घरामागच्या बोळात दोन दगड पुरलेले आहेत, खाच पाडलेले, बरोबर तेहतीस फुटांवर. पेन्शनीत निघाल्यावरसुद्धा तुम्ही रोज सकाळी आंघोळीआधी साखळी त्या दगडांवर ताणून पडताळायचात. साखळी वापरात ताणली जाते, कड्या उघडतात, म्हणून कामाला हात लावण्याआधी ती पडताळायची, हा मोजणीदाराचा शिरस्ता. आळी तुम्हाला हसायची. मीही. सरकारने रुपयातले आणे मोडीत काढले त्या वर्षी मी तुम्हाला विचारलं होतं, आता तुमच्या साखळीतले सोळा आणे कधी मोडीत काढणार. तुम्ही म्हणालात, मीटर येऊ दे, मग मीही मोडीत निघेन.

आपण मोजलं. टीच्या दगडापासून ते पलीकडच्या गोलाच्या मधल्या, चेंडू पाडायच्या नळीपर्यंत. तिथे हिरवळ नाही, वाळूत तेल कालवून चोपलेले गोल आहेत, त्यामुळे गेल्या तीस वर्षांत काही हललेलं नाही. पहिलं भरलं अठ्ठावीस साखळ्या आणि सात फूट. दुसरं बारा आणि तीन फूट. तिसरं छत्तीस आणि नऊ. तुम्ही खुशीत होतात, पुऱ्या साखळ्यांच्या जवळपास तर येतंय, वरचे दोनचार फूट इकडेतिकडे झाले असतील. मी वहीत आकडे मांडत होतो. पाचवं वीस आणि पाच फूट भरलं तेव्हा माझ्या लक्षात आलं. माझा धंदा प्रमाणाचा, मला ते दिसतंच.

"गोपाळराव," मी म्हटलं, "चार साखळ्यांमागे एक फूट. सगळीकडे. हे इकडेतिकडे नाही झालेलं. ज्या साखळीने हे आखलं, ती साखळीच तीन इंच लांब होती."

मला वाटलं होतं तुम्ही मला मिठी माराल. यार्डात मोजणाऱ्या कॅप्टनचा निकाल लागला होता. पण तुम्ही साखळी गोळा करायला लागलात, नवांतली चार होलं मोजायची राहिली असताना. पंपाजवळच्या बाकावर बसलात आणि निघोज्याची गोष्ट सांगितलीत. ती मला तुम्ही दोन वर्षांत कधी सांगितली नव्हती.

चाकणच्या बाजूला निघोजे. तिथे दोन भावांची वाटणी होती, नोंदीला चोवीस साखळ्या रुंदीचं रान. नानांनी थोरल्याला बारा साखळ्या मोजून दिल्या, दगड रोवले, उरलं ते धाकट्याचं. धाकट्याने पावलांनी मोजलं आणि म्हणाला, माझं रान कमी भरतंय. नाना म्हणाले, साखळी खोटं बोलत नाही. धाकटा गावभर सांगत सुटला की मोजणीदार थोरल्याकडे जेवला. चौकशी लागली. नानांनी नोकरी सोडली, आणि पुढे जगले तेवढे दिवस, मी कुणाचं जेवलो नाही, एवढंच सांगत जगले. हे सगळं झालं ते मैदान आखलं त्याच हिवाळ्यात, मैदानानंतर पंधरा दिवसांनी. माळावरच्या तंबूत पडताळणीचे दगड कुठले, आणि साहेबाला घाई. मग निघोज्याला जाताना साखळी पडताळायची राहून गेली असणार. हे शेवटचं वाक्य तुम्ही नाही, मी बोललो.

तुम्ही म्हणालात, "नाना कधी चुकले नाहीत."

"मग मैदान त्यांनी आखलेलं नाही."

"मैदान त्यांनीच आखलंय."

"दोन्ही कसं होईल? नाव हवं असेल तर चूकही घ्यावी लागेल, गोपाळराव. मग निघोज्याचा धाकटा खरं बोलत होता."

तुम्ही उठलात. म्हणालात, "माझ्या बापाला खोटं पाडायला मी तुम्हाला माळ हिंडवला नाही, मास्तर." इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण मी म्हणेन ती पूर्व दिशा, हा माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. मी म्हटलं, "वडील चुकले नव्हते तर तुम्ही जन्मभर रोज सकाळी साखळी कशाला पडताळताय? नोकरीत चाकणच्या बाजूचं काम आलं की दुसऱ्याच्या गळ्यात का मारत होतात?"

तुम्ही माझ्याकडे बघितलंत ते मला अजून दिसतं. राग नव्हता. एवढंच म्हणालात, "लिहा तुमच्या फळ्यावर कॅप्टनचं नाव." साखळी खांद्यावर टाकून एकटे गेलात. मी बाकावर बसून राहिलो. आपण एका सायकलवर आलो होतो, माझ्या सायकलवर. तुम्ही त्या उन्हात चिंचवडपर्यंत चालत गेलात.

दुसऱ्या दिवशी मी खरंच लिहिलं. तुम्ही म्हणालात म्हणून नव्हे, खुन्नस म्हणून. काळ्या रंगात, पल्लेदार अक्षरात, कॅप्टन हार्विक. इतकं चांगलं अक्षर माझ्या हातून क्वचितच उतरलं असेल. आठवड्यात फळा व्हरांड्यात लागला. साहेबलोकांनी मला चहा पाजला.

पुढचे रविवार मी तुम्हाला सांगत नाही. आधण ठेवायची सवय सुटली नाही, एवढंच.

भाद्रपदात, गणपतीच्या आधी, चार दिवस उघडीप होती. मी टेप पिशवीत टाकला, सायकल काढली आणि मोशीवरून निघोज्याला गेलो. का गेलो? तुम्हाला खोटं पाडायला, असं मी निघताना स्वतःला सांगितलं होतं. इंद्रायणी ओलांडताना कळलं की तसं नाही. मला नाना हवे होते. कुठल्याशा लांब साखळीवाल्या मोजणीदाराने मैदान आखलं, यात तुमचं काहीच नव्हतं. तीच साखळी निघोज्याच्या रानात सापडली, तर मात्र नानाच. ते रान दाखवायला बांधावर एक माणूस भेटला. त्याला मी काही बोललो नाही, म्हटलं शाळेच्या कामाला आलोय. मोजलं. पुन्हा मोजलं. मग बांधाच्या दगडाला टेकून बसलो आणि त्याने दिलेलं पाणी प्यालो.

तिथून परत येताना मी ठरवलं होतं की सरळ तुमच्या दारात सायकल लावायची. आळीच्या तोंडाशी आलो आणि वाटलं, उठून तुम्ही गेलात, तुम्ही आधी यावं. एक काठी पायरीवर वाजली की सगळं सांगीन. शिवाय फळ्यावर कॅप्टन बसला होता, तो कुठल्या तोंडाने दाखवू? पितृपक्ष गेला, दसरा गेला. दिवाळीला वहिनींनी फराळाचं ताट पाठवलं, नेहमीसारखं. मी रिकामं ताट परत पाठवू नये म्हणून त्यावर साखर घालून पाठवली, आणि निरोप काहीच पाठवला नाही. तुम्ही रस्त्यात दिसलात की मी दुकानाच्या पाटीकडे बघायचो. चाळीस वर्षं पोरांना शिकवतोय, आणि ही अक्कल.

परवा वहिनींनी बोलावलं. तुमचे नकाशे, वह्या, त्यांचं काय करायचं विचारायला. मी ओटीवर बसून वह्या चाळत होतो, तेवढ्यात दारात एक माणूस आला, डोक्यावर अर्धं पोतं. नवी बाजरी. म्हणाला, "रावसायब हायती का घरात?" वहिनी आत गेल्या. सांगायचं काम माझ्याकडे आलं. तो तिथेच पायरीवर बसला, डोक्यावरचं पोतं उतरवायचं विसरून. निघोज्याचा कोंडिबा, त्या धाकट्या भावाचा मुलगा. मला ओळख पटली नाही. बांधावर भेटला तेव्हा मी त्याच्याकडे नीट बघितलंही नव्हतं.

मग त्याने सांगितलं. बाजरीचं रान मोकळं झाल्यावर, कार्तिकात, तुम्ही निघोज्याला गेला होतात. एकटे. ज्या गावात जन्मभर पाय ठेवला नाहीत तिथे, खांद्यावर साखळी घेऊन.

"आमच्या म्हाताऱ्याला बाजंवर घालून बांधावर न्यायला लावलं रावसायबांनी," कोंडिबा म्हणाला. "चुलत्याच्या पोरांस्नी बी बोलावलं. सोता साखळी टाकली. मंग म्हाताऱ्याम्होरं येऊन टोपी काढली आन म्हनले, बाबा, तुमी खरं बोलत व्हता. माझ्या वडलांची साखळी लांब व्हती. जेवले न्हवते त्ये कुनाकडं, पर साखळी पडताळली न्हवती."

"मग? काय म्हणाले तुमचे वडील?"

"म्हनला, च्या टाका. त्यो च्या पित न्हाई. त्या दिशी प्याला."

मी कोंडिबाला विचारलं, थोरल्याकडे जास्त गेलेल्या त्या तीन फुटांचं काय केलंत. तो म्हणाला, "तीन फुटाचं काय करायचं आता? येकाच हिरीवरनं पानी धरतो आमी. बोलत मातूर न्हवतो. आता बोलतो." त्यानेच पुढे सांगितलं की त्याने तुम्हाला म्हटलं, सायबाचं मैदान बी ह्याच साखळीनं मापलं म्हनता, तर लावा की तितं वडलांचं नाव. तर तुम्ही म्हणालात, ज्या तोंडाने चूक कबूल केली, त्याच तोंडाने नाव मागायचं नसतं.

गोपाळराव, माझ्या हट्टापुढे तुम्ही हरलात असं मी सहा महिने मानत होतो. तुम्ही माझं म्हणणं खरं केलंत, आणि मला कळवलं नाहीत. मी तुमचं म्हणणं खरं केलं होतं, आणि तुम्हाला कळवलं नव्हतं. मी कोंडिबाला हे बोलून दाखवणार होतो. पण तो माझ्या तोंडाकडे निरखून बघत होता.

"तुमीच आला व्हता न्हवं," तो म्हणाला, "गनपतीच्या आदी? ह्योच बांध टेपानं मापाया? म्या पानी दिलं व्हतं तुमास्नी."

"हो."

"मंग बराबर. रावसायबांना म्या सांगितलं त्ये. म्हनलं, चष्मेवालं येक मास्तर आलं व्हतं, दोनदा मापलं आन काय न बोलता गेलं. लई हसलं रावसायब. साखळी गोळा करता करता हसत व्हतं."

"आणि? काय म्हणाले?"

"म्हनले, मंग त्ये येतील सांगाया."

कोंडिबा गेल्यावर मी वहिनींना विचारलं. त्या म्हणाल्या, कार्तिकातल्या त्या दिवसापासून तुम्ही रविवारी आठाच्या सुमाराला ओटीवर येऊन बसायचात. कुठे निघालात विचारलं, तर म्हणायचात, कुठे नाही, मास्तर यायचेत. असे तीन रविवार. चौथ्याला तुम्ही नव्हतात.

काल मी क्लबात गेलो आणि फळा उतरवून घेतला. सेक्रेटरी म्हणाले, चांगला दिसतोय की, कशाला खरडताय. मी म्हटलं, चुकलंय. कुणाची चूक, त्यांनी विचारलं. माझी, म्हटलं, आणि तिथेच व्हरांड्यात बसून टर्पेंटाइनने कॅप्टन पुसला. त्या जागी नानांचं पुरं नाव घातलं. त्याखाली, मोजणीच्या नकाशावर असतं तसं, कुठल्या मापाने आखलं तेही घातलं: साखळी, तेहतीस फूट तीन इंच. नाव आणि चूक, दोन्ही. सेक्रेटरींनी वाचलं, खांदे उडवले, शिपायाला फळा परत लावायला सांगितलं. त्यांना तीन इंचांचं काय पडलंय. अक्षर बरं आलंय. नानांच्या नावातला एक काना वाकडा आहे. तुम्हाला तो पहिल्या नजरेला दिसला असता, आणि तुम्ही बोलला असतात.

पण फळा म्हणजे तुम्हाला सांगणं नव्हे. तुम्ही फळ्याची वाट बघत नव्हतात. आज रविवार आहे. साडेआठ झाले. तुमच्या ओटीवर आलोय, वहिनींनी पाट टाकला आहे आणि शेजारची जागा रिकामी आहे. उशीर झाला, फार उशीर झाला, मला माफ करा. निघोज्याचं रान मोजून आलो, गोपाळराव. थोरल्याचा वाटा तीनशे नव्याण्णव फूट भरला. बारा साखळ्या, वर तीन फूट. नानाच होते.